छोट्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर घेताना : सीमाभागातल्या उद्योजकांनी आधी काय तपासावं?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या मशीन शॉपमधून सकाळी तीन गाड्या सुटतात. एक हुबळीला, एक कोल्हापूरला, एक गोव्यात वेर्ण्याला. माल एकच, पण बिलं दोन प्रकारची. हुबळीच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी, बाकी दोन्ही बिलांवर आयजीएसटी. पुण्याच्या किंवा बंगळूरच्या आतल्या भागातल्या दुकानदाराला महिन्यातून एखाद्या वेळी पडणारा हा प्रश्न आपल्याकडे रोज सकाळी पडतो. म्हणून बिलिंग, स्टॉक आणि हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर निवडताना आपली पहिली कसोटी हीच.

चूक झाली तर काय होतं? आयजीएसटीच्या जागी सीजीएसटी-एसजीएसटी भरला, तर योग्य कर पुन्हा भरावा लागतो आणि चुकून भरलेल्याचा परतावा मागावा लागतो. कायद्याने व्याज लागत नाही हे खरं, पण परतावा येईपर्यंत तेवढे पैसे अडकतात. पाच-सात कामगारांच्या युनिटला ते परवडत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरने गिऱ्हाइकाच्या जीएसटी क्रमांकावरून राज्य आपणहून ओळखलं पाहिजे. पंधरा अंकाक्षरांच्या त्या क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. डेमो दाखवणाऱ्याला आधी हेच करून दाखवायला सांगा. २७ चा क्रमांक टाकल्यावरही कराचा प्रकार हाताने निवडावा लागत असेल, तर तिथेच थांबा.

दोन राज्यांत पाय असेल तर

आपल्याकडे अनेकांचं काम राज्याच्या हद्दीच्या दोन्ही बाजूंना असतं. काजूचा कारखाना चंदगडला आणि विक्रीचं दुकान बेळगावात, असं. पॅन एकच असला तरी दोन्ही राज्यांत नोंदणी वेगळी लागते. कारखान्यातून स्वतःच्याच दुकानाला पाठवलेला मालसुद्धा जीएसटीच्या नजरेत पुरवठाच असतो, त्याचंही बिल करावं लागतं. बऱ्याच स्वस्त योजनांमध्ये एका लायसन्सवर एकच जीएसटी क्रमांक चालतो आणि दुसऱ्यासाठी पुन्हा पैसे. जाहिरातीत हे सहसा नसतं, विचारल्यावर कळतं. तेव्हा विचाराच.

जॉबवर्क करणाऱ्यांसाठी अजून एक. बेळगावच्या फाउंड्रीतून कास्टिंग मशिनिंगला महाराष्ट्रात पाठवलं, तर माल कितीही किमतीचा असो, ई-वे बिल लागतं. एरवी आंतरराज्य मालाला ५० हजार रुपयांच्या वर ते लागतं, जॉबवर्कला ती सूट नाही. शिवाय पाठवलेला कच्चा माल एक वर्षाच्या आत परत यायला हवा, नाहीतर तो विकला असं धरलं जातं. म्हणजे चलनावर किती गेलं, किती परत आलं, किती बाकी आहे, हा हिशेब सॉफ्टवेअरने ठेवला पाहिजे. साध्या बिलिंग ॲपमध्ये हे सहसा नसतं. पॉवरलूमवाल्यांनी आणि फाउंड्रीवाल्यांनी ॲपचं चकचकीत डॅशबोर्ड बघण्याआधी चलनाचा रिपोर्ट बघावा.

कुणाला काय पुरतं

दिवसाला आठ-दहा बिलं, एक माणूस, एकच राज्य. अशा दुकानाला मोबाइलवर चालणारं व्यापारसारखं ॲप पुरेसं आहे. जीएसटी नेटवर्कनेही दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी काही हिशेबाची सॉफ्टवेअरं मोफत देऊ केली होती, तेव्हा सीएला विचारून आधी फुकटातलं पाहून घ्यायला हरकत नाही.

स्टॉक, उधारी आणि दोन-तीन टेबलं असतील, तर टॅली किंवा बिझी हे आपल्याकडचे रुळलेले पर्याय. टॅलीचा मोठा फायदा म्हणजे ती येणारा माणूस निपाणीपासून पणजीपर्यंत कुठेही मिळतो आणि सीएच्या ऑफिसात ती बहुधा असतेच. कायमचं लायसन्स एकदा घेता येतं. मात्र अद्ययावत आवृत्तीसाठी वर्षाला वेगळे पैसे लागतात. ते भरले नाहीत तरी सॉफ्टवेअर चालतं, पण नवे बदल येत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक वस्तूंचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, तेव्हा एका रात्रीत शेकडो आयटमचे दर बदलायची वेळ अनेकांवर आली. दर एकगठ्ठा, ठरावीक तारखेपासून बदलता येतात का, हे म्हणूनच बघून घ्यावं.

झोहो बुक्ससारखी क्लाउडवरची सॉफ्टवेअरं घरून, गाडीतून, कुठूनही उघडतात. पैसे मात्र दरवर्षी, आणि इंटरनेट गेलं की काम थांबतं. खानापूरच्या आतल्या गावात वीटभट्टी असेल तर हा मुद्दा हलका नाही.

ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रापेचं, मुक्त परवान्याचं. उत्पादन, खरेदी, सगळं एकत्र मिळतं. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत, पण सर्व्हर, बसवणं, शिकवणं याचा खर्च होतोच. ओडूची कम्युनिटी आवृत्तीही फुकट आहे, पण पूर्ण हिशेबाचा भाग पैसे भरायच्या आवृत्तीत येतो. पंधरा-वीस माणसांच्या आणि खरंच उत्पादन करणाऱ्या युनिटनेच या वाटेला जावं, असं आमचं मत. पाच माणसांच्या वर्कशॉपला ईआरपी म्हणजे बैलगाडीला ट्रकचं इंजिन.

किंमत कशी मोजायची

पहिल्या वर्षाची सवलत बघून फसायला होतं. पाच वर्षांचा खर्च कागदावर मांडा. समजा, एका क्लाउड योजनेत माणशी वर्षाला ४,००० रुपये पडतात आणि तुमच्याकडे तीन माणसं वापरणार. पाच वर्षांत ६० हजार झाले. दुसरं एकदाच २० हजारांना, सगळ्यांना वापरता येणारं, आणि दुसऱ्या वर्षापासून ४,५०० चं नूतनीकरण. पाच वर्षांत ३८ हजार. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण अशी बेरीज केल्याशिवाय सही करू नये. त्यात जुना डेटा भरून देण्याचे आणि फोनवरच्या मदतीचे पैसेही धरा.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर एक अट कायद्याचीच आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला ही सक्ती नाही. उलाढाल ५ कोटींवर गेली असेल तर ई-इन्व्हॉइसची सोयही बघा, ती १ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे.

उधारीचा वयवार रिपोर्टही मागा. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर केला तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच प्राप्तिकरात वजा मिळतो. आपण देणेकरी असलो काय आणि येणेकरी असलो काय, कोणाचे किती दिवस झाले ते एका बटणावर दिसलं पाहिजे.

शेवटी, पैसे देण्याआधी गेल्या महिन्यातली आपलीच वीस-पंचवीस बिलं चाचणी आवृत्तीत भरून पाहा: त्यात एक कोल्हापूरचं, एक गोव्याचं, एक परत आलेल्या मालाचं आणि एक जॉबवर्कचं चलन असू द्या. ती भरायला तुमच्या रोजच्या क्लार्कलाच बसवा, मालकाच्या इंजिनिअर मुलाला नको. मग सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढून सीएकडे पाठवा. तो निघाला नाही, किंवा त्यासाठी जादा पैसे मागितले, तर दुसरं बघा. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि तेवढ्या काळात सॉफ्टवेअर एकदा तरी बदललं जाण्याची शक्यता बरीच असते.