लीथचं कासव आणि ९० टक्क्यांचा हिशेब

नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात साइट्स कराराची १९वी परिषद भरली. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम ठेवणारा हा करार. तिथं भारताच्या प्रस्तावावरून लीथचं मऊ पाठीचं कासव परिशिष्ट २ मधून १ मध्ये गेलं, म्हणजे धंद्यासाठी त्याला देशाबाहेर नेणं बंद. सोबत सरकारने एक आकडा दिला: ३० वर्षांत संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली. इतिहासवाल्याने इथं थांबून विचारायचं, मुळात होती किती?

आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. आययूसीएनच्या निकषांनुसार एखादी जात ‘अतिसंकटग्रस्त’ ठरायला प्रत्यक्ष मोजणीच लागते असं नाही. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा त्यात, ८० टक्के घट झाल्याचं अनुमानही चालतं. गढूळ पाण्यात तळाला रुतून बसणारं जनावर मोजणार तरी कसं! शिवाय कारणं उघड आहेत. मांसासाठी शिकार होते, पाठीच्या कडेचा कूर्चेचा भाग वाळवून चोरून बाहेर जातो. धरणांनी नद्यांचे तुकडे पाडले. आणि रेती. ही कासवं काठावरच्या वाळूत अंडी घालतात. घाट उपसला की जागाच गेली.

पण ‘पूर्वी’ची नोंद शोधायला गेलं की पंचाईत होते. १८७२ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून या जातीचं वर्णन केलं. नमुना पुण्याचा, नाव मुंबईतल्या डॉक्टर लीथ यांचं. त्या लेखाच्या शीर्षकात ग्रे या सगळ्याच मऊ पाठीच्या कासवांना ‘चिखलातली कासवं’ म्हणतात. म्हणजे जुन्या कागदात नुसतं ‘चिखलातलं कासव’ दिसलं, तर ते लीथचं की तळ्यात सर्रास सापडणारं झडपवालं, हे कळत नाही. पुढे शास्त्रीय नावही ट्रायोनिक्स, मग अस्पिडेरेटिस, आता निल्सोनिया असं बदलत गेलं. एकाच नावाने शोधाल तर निम्मे कागद हातून सुटतील.

गावाचंही तेच. समजा तुम्ही शेलूबाजार परिसरातली अडाण नदी घेतली. तिचं पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता असं करत गोदावरीला मिळतं, आणि गोदावरी खोरं या कासवाच्या मुलखात येतं. पण ‘वाशिम जिल्हा’ म्हणून दप्तर उघडाल तर १ जुलै १९९८ च्या आधीचं काहीच लागणार नाही. १९०५ पर्यंत बासीम हा वेगळा जिल्हा, नंतर अकोला. त्याही आधीचं हवं तर लायल यांचं १८७० चं वऱ्हाड गॅझेटियर.

आणि गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबाला वाघात रस, कासवात नाही. म्हणून भोई-धीवर म्हाताऱ्यांकडे जावंच लागतं. फक्त ‘पूर्वी कासवं होती का हो?’ असं विचारू नका, हो म्हणून मोकळे होतील. पोटाखाली मागचे पाय झाकणारी झडप होती का? लहान पिल्लाच्या पाठीवर चार-सहा डोळ्यांसारखे ठिपके होते का? शेवटचं कधी गळाला लागलं, कोणत्या डोहात, तेव्हा धरण झालं होतं का?