सहस्थानमापन
सहस्थानमापन : एकाच कोशिकेतील दोन प्रकारच्या रेणूंना भिन्न रंगांची अनुस्फुरक द्रव्ये जोडून सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेल्या दोन प्रतिमांतील तेज कोठे व कितपत एकाच जागी पडते, याची अंकांत मोजदाद करण्याची पद्धती. हिरव्या प्रतिमेवर तांबडी प्रतिमा ठेवली असता जेथे दोन्ही तेजे तुल्यबळ असतात तेथे पिवळा रंग उमटतो, आणि या पिवळेपणालाच पुरावा मानण्याचा शिरस्ता दीर्घकाळ चालू होता. परंतु एक तेज दुसऱ्याहून बरेच मंद असेल तर खरे सहस्थानही पिवळे दिसत नाही, आणि पडद्यावरील उजेड वाढविला की नसलेलेही दिसू लागते, म्हणून डोळ्याच्या साक्षीला गणिताची जोड द्यावी लागली.

या विषयाचे एक बोधप्रद उदाहरण हैदराबादेतील आहे. निजाम सरकारने १९४४ साली उभारलेल्या मध्यवर्ती प्रयोगशाळांचे पुढे प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत रूपांतर झाले, आणि तिच्याच आश्रयाने १९७७ मध्ये पुष्पमित्र भार्गव यांच्या पुढाकाराने ‘सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी’ (सीसीएमबी) ही संस्था सुरू झाली. तेथील वीणा परनाईक यांच्या गटाने १९९९ साली लॅमिन या प्रथिनाविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. लॅमिनचे जाळे केंद्रकाच्या आवरणाला आतून अस्तरासारखे लागलेले असते, अशी रूढ समजूत. आणि या गटाच्या एका प्रतिपिंडाने केंद्रकाच्या कडेचे ते परिचित वलय दाखविलेही. मात्र त्याच लॅमिन-एविरुद्ध तयार केलेल्या एलए-२एच१० या दुसऱ्या प्रतिपिंडाने हेला कोशिकांत व उंदराच्या तंतुजनक कोशिकांत केंद्रकाच्या अंतर्भागी ठिपक्यांची नक्षी उमटविली. हे ठिपके कशाचे, याचा निवाडा सहस्थानाने झाला. आरएनएमधील अनावश्यक तुकडे छाटून उरलेले सांधणाऱ्या यंत्रणेतील एससी-३५ आणि यू५-११६ या प्रथिनांशी ते जुळले. मात्र केंद्रकातच, वेगळ्या पिंडांत वसणाऱ्या कॉइलिनशी जुळले नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते या संशोधनाचा कणा त्या नकारात आहे, कारण रंगांची गळती किंवा प्रतिपिंडाचे वाटेल तेथे चिकटणे यांमुळे ठिपके जुळल्याचा भास झाला असता, तर तो कॉइलिनच्या बाबतीतही होण्याचा संभव होता.

जुळणे म्हणजे संबंध नव्हे, ही शंका तरीही उरतेच. तिचे उत्तर २००२ च्या पुढील कामात मिळते. डीआरबी या द्रव्याने जनुकांचे प्रतिलेखन थांबविले तेव्हा लॅमिनचे ठिपके आणि सांधणाऱ्या प्रथिनांचे पुंजके दोन्ही फुगले, व द्रव्य धुऊन काढताच दोन्ही एकाच वेळी पूर्वस्थितीला आले. उलट बदल घडविलेले लॅमिन कोशिकेत निर्माण करविल्यावर ठिपके नाहीसे झाले, पुंजके क्षीण झाले आणि प्रतिलेखनही मंदावले, पण कडेचे वलय मात्र अबाधित राहिले.

मोजणीच्या रीती दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि त्यांची गल्लत ही या क्षेत्रातील नित्याची गफलत आहे. पीअरसनचा सहसंबंध गुणांक, जो −१ ते +१ यांच्या दरम्यान असतो, प्रत्येक चित्रबिंदूवर एक तेज सरासरीहून वाढले असता दुसरेही त्या प्रमाणात वाढते काय, हे विचारतो. ॲमस्टरडॅमच्या मँडर्स व सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडलेले दोन गुणांक मात्र हिरव्या तेजाचा किती हिस्सा तांबड्याच्या हद्दीत पडतो आणि तांबड्याचा किती हिरव्याच्या, हे स्वतंत्रपणे सांगतात. मूठभर हिरवी प्रथिने विस्तीर्ण तांबड्या प्रदेशात सामावलेली असल्यास पहिला गुणांक १ च्या जवळ, तर दुसरा अगदी क्षुल्लक येईल, दोन्ही खरे. परंतु ही हद्द ठरवावयाची कोणी? सीमामूल्य हाताने निवडले की हवा तो गुणांक काढता येतो, म्हणून कोस्टेस आदींनी २००४ मध्ये ते यंत्राकडून ठरविण्याची, आणि एका प्रतिमेचे तुकडे यदृच्छया विस्कटून योगायोगाने किती जुळते ते ताडून पाहण्याची रीत सुचविली. एक प्रतिमा दुसरीवर थोडीथोडी सरकवून सहसंबंध कसा घटतो हे पाहण्याची फान स्टेन्सेल यांची १९९६ ची युक्ती याहून साधी आणि, खरे सांगावयाचे तर, अधिक पटणारी आहे.

प्रकाशाची मर्यादा कोणत्याही गुणांकाला ओलांडता येत नाही. ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश आणि १.४ अंकीय द्वारकाचे उत्तम भिंग घेतले, तरी आबेच्या नियमाप्रमाणे सुमारे १८६ नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, आणि खोलीच्या दिशेने हे अंतर त्याच्या कित्येक पट असते. प्रथिनाचा रेणू मात्र काही थोड्या नॅनोमीटरांचा. एकाच गावच्या दप्तरात दोन नावे सापडली म्हणून ती माणसे एका घरात राहतात असे ठरत नाही, तसेच हे. सुमारे १० नॅनोमीटरच्या आतील सान्निध्य दाखवावयाचे असल्यास दोन रंगद्रव्यांतील ऊर्जासंक्रमण मोजणाऱ्या वेगळ्या पद्धतीकडे वळावे लागते.

प्रयोगातील दोष बहुधा प्रतिमा घेतानाच शिरतात. एका द्रव्याचा प्रकाश दुसऱ्याच्या गाळणीतून झिरपतो, म्हणून एकेकच रंग दिलेले नमुने आधी तपासावे लागतात. भिंगाच्या वर्णदोषाने दोन रंग किंचित सरकतात, ते बहुरंगी सूक्ष्ममण्यांवरून कळते. आठ-बिटी प्रतिमेत २५५ ला टेकलेले बिंदू आपले खरे तेज लपवितात. आणि कोशिकेबाहेरील काळा भाग हिशेबात धरला तर पीअरसनचा गुणांक विनाकारण वाढतो. शेजारचे चित्रबिंदू भिंगाच्या धूसरतेमुळे परस्परांशी बांधलेले असतात, त्यामुळे एका प्रतिमेतील लाखो बिंदू ही लाखो स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. कोशिका हे मोजणीचे एकक धरून अनेक कोशिकांचे आणि वेगवेगळ्या दिवशी केलेल्या प्रयोगांचे गुणांक ताडून पाहावे लागतात.