काचेतला समुद्र

घरात समुद्र मांडायची हौस लंडनची. १८४६ साली ॲना थिन बाईंनी टॉर्कीहून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राही. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि दिवाणखान्यांत टाक्या दिसू लागल्या. त्यांत असत काय? समुद्रफुलं, कोळंब्या, खडकांच्या कपारीत राहणारे बोटभर मासे. या बाबतीत ती माणसं मला आपल्यापेक्षा शहाणी वाटतात. मोठ्या माशांसाठी १८७२ मध्ये ब्रायटनला १०० फुटांहून लांब हौद बांधला गेला.

आज पंप आहेत, पाण्यातली घाण काढणारे स्किमर आहेत, आणि मोह तिथेच सुरू होतो. दुकानातला इवलासा निळा सर्जन मासा पाहून ‘फाइंडिंग नेमो’तली डोरी आठवते. पण तो फूटभर वाढतो, दिवसभर प्रवाळांवरून पोहत चरतो. तीन फुटी टाकीत शेपटीचे दोन फटकारे मारले की समोर काच. मग त्याच त्या येरझाऱ्या, अंगावर रोगाचे पांढरे ठिपके. पंप पाणी स्वच्छ ठेवतो, टाकीची लांबी वाढवत नाही. मला कोणी विचारलं, तर मी गोबी सुचवतो, कपारीत राहणारा तो बोटभर मासा.