बंदुकीच्या परवान्याचा अर्ज अडकला? मुदत किती, दाद कुठे मागायची

लोहारा (यवतमाळ) : तूर शेंगेवर आली की रानडुकरांचे कळप शिवारात उतरतात आणि जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याला बंदूक आठवते. परवान्याचा अर्ज केला जातो. त्यानंतर ठाण्यात विचारलं तर ‘कलेक्टर ऑफिसात विचारा’, तिथं विचारलं तर ‘पोलीस अहवाल आला नाही’. असे दोन-तीन हंगाम निघून जातात. कायद्यात मात्र या कामाला मुदत घालून दिलेली आहे, आणि ती पाळली गेली नाही तर काय करायचं याचीही सोय आहे.

अमेरिकेत काही राज्यांत बंदूक विकत घेतल्यावर ती हातात पडायला ठराविक दिवस थांबावं लागतं. कॅलिफोर्नियात हे दिवस १० आहेत. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे आधी परवाना, मग खरेदी. परवाना नसेल तर दुकानदार बंदूक दाखवेल, पण देणार नाही. म्हणजे इथली खरी वाट पाहणी परवान्याच्याच टप्प्यावर होते.

शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे लोहाऱ्यासारख्या गावातल्या माणसाचा परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी देतात. अर्जदाराचं वय २१ पूर्ण पाहिजे. अर्ज आला की जिल्हादंडाधिकारी जवळच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवतात. शस्त्र नियम २०१६ नुसार हा अहवाल ३० दिवसांत पाठवायचा असतो, आणि अहवाल मिळाल्यावर ६० दिवसांत परवाना द्यायचा की नाकारायचा याचा निर्णय घ्यायचा असतो. ३० आणि ६० हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

बहुतेक अर्ज पहिल्या टप्प्यातच अडकतात. अहवाल ठाण्यातून निघतो, वरच्या पोलीस कार्यालयांतून फिरतो, त्रुटी निघते, परत येतो. पण याच कायद्याच्या कलम १३ मध्ये एक तरतूद आहे, जी फार कमी अर्जदारांना माहीत असते : ठरलेल्या मुदतीत अहवाल आला नाही, तर जिल्हादंडाधिकारी त्याची वाट न पाहता आदेश काढू शकतात. ‘शकतात’ हा शब्द महत्त्वाचा. तसं करणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. तरीही मुदत उलटल्यावर या तरतुदीचा उल्लेख करून एक लेखी विनंती अर्ज द्यावा. तोंडी चकरा मारण्यापेक्षा तो कधीही बरा, कारण पुढे कोर्टात जायची वेळ आली तर पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही लेखी काय दिलं. प्रत्येक कागदाची पोहोच घ्या, आवक क्रमांक आणि तारखेसह. पोहोच नसेल तर ३० दिवस नेमके कधीपासून मोजायचे, हेच सिद्ध करता येत नाही.

त्यानंतरचं हत्यार माहिती अधिकाराचं. १० रुपयांचा अर्ज. ‘माझा परवाना का दिला नाही’ असं विचारू नका, त्याचं उत्तर मिळत नाही. विचारायचं ते असं : अहवाल मागवल्याचं पत्र कोणत्या तारखेला गेलं, अहवाल कधी आला, फाईल आज कोणाच्या टेबलावर आहे, आणि फाईलवरच्या टिपणीची प्रत द्या. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं. अनेकदा हा अर्ज पोहोचला की फाईल हलते. कशी, ते विचारू नये.

अपिलाच्या बाबतीत गावाकडे मोठा गोंधळ होतो. कलम १८ प्रमाणे अपील होतं ते आदेशाविरुद्ध. परवाना नाकारल्याचा लेखी आदेश हातात पडला, तर ३० दिवसांत अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करायचं. नकाराची कारणं लेखी नोंदवणं कलम १४ प्रमाणे आवश्यक आहे, आणि मागितल्यावर ती थोडक्यात द्यावी लागतात. सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तरच ती राखून ठेवता येतात. ‘तुमच्याकडे पुरेशी मालमत्ता नाही’ एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. दोन एकरवाल्यानं हे ध्यानात ठेवावं.

पण आदेशच नसेल, नुसती शांतता असेल तर? तिथं अपील चालत नाही. तिथं रस्ता उरतो मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा, घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका. अपेक्षा मात्र नीट ठेवा. न्यायालय साधारणपणे ‘परवाना द्या’ असं सांगत नाही, ‘अमुक आठवड्यांत निर्णय घ्या’ असं सांगतं. आपल्या देशात शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. निर्णय वेळेत मिळणं, तो कारणासह मिळणं, एवढाच आग्रह धरता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

पीक राखणीसाठी अर्ज असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहावं. कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी भरमार बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. भरमार पुरेशी नाही असं पटवून दिलं तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. सातबारा, नुकसानीचे पंचनामे, वन विभागाकडे केलेले अर्ज सोबत जोडा. नुसतं ‘डुकरांचा त्रास आहे’ लिहून भागत नाही.

आणि इथंच एक धोका आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दोन्ही अनुसूची दोनमध्ये आहेत. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायलाही वन विभागाची वेगळी लेखी परवानगी लागते, आणि मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं. वाटून खाल्लं की गुन्हा. राळेगाव तालुक्यात २ नोव्हेंबर २०१८ ला टी-१ वाघीण मारली गेली, तेव्हा तर सरकारी आदेश होता; तरीही गोळी झाडणाऱ्याला अधिकार होता का, यावर चौकशी झाली. साध्या शेतकऱ्याला कोण सोडणार?

बाप-आजाच्या जुन्या बंदुकीचंही असंच. परवानाधारक वारला की बंदूक घरात ठेवता येत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यावी, मग वारसानं आपल्या नावानं अर्ज करावा. नियमांमध्ये वारसासाठी वेगळी तरतूद आहे. परवानाधारक हयात असला तरी त्याचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली तर वारसाला अर्ज करता येतो. ‘परवाना होईपर्यंत आतल्या खोलीत राहू द्या’ म्हणणाऱ्यांवरच गुन्हे दाखल होतात. विनापरवाना बंदुकीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारणपणे किमान दोन वर्षं आणि पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

वाट पाहायच्या काळात कुंपणात लाईनचा करंट सोडण्याचा मोह होतो. त्यात डुकराआधी माणूस जातो, कधी शेजारचा, कधी घरचाच, आणि मग मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. पीक खाल्लं तर तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात नुकसानीची खबर देऊन पंचनामा मागा. जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत अनुदान आहे, त्याची चौकशी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे करावी. पंचनाम्याची प्रत मात्र जपून ठेवा. बंदुकीच्या अर्जाला तोच सगळ्यात भक्कम कागद ठरतो.