'दिल्ली सफारी' : जंगलाचे गाऱ्हाणे घेऊन निघालेला बछडा

करकंब (ता. पंढरपूर) - पावसाळा सुरू झाला, की करकंब परिसरातील शेतकऱ्याचे लक्ष आपल्या शिवारातील आभाळाइतकेच दौंड येथील विसर्गाच्या आकड्याकडे लागलेले असते. उजनी धरण सोलापूर जिल्ह्यात असले, तरी ते भरते पुणे जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणाऱ्या पावसाने. ज्या अरण्यांतून हे पाणी उतरते, ती येथील बहुसंख्य मुलांनी पाहिलेलीही नसतात. वर्षावन हा शब्द त्यांना भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात किंवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. म्हणूनच जंगल वाचविण्याची गोष्ट सांगणाऱ्या 'दिल्ली सफारी' या भारतीय ॲनिमेशनपटाची ओळख माळरानावरील या मुलांच्या अंगाने करून घेणे उद्‌बोधक ठरते. मुंबईतील जंगल, पुण्यातील स्टुडिओ आणि दिल्लीतील संसद असा या चित्रपटाचा पसारा आहे. त्याने विचारलेला प्रश्न मात्र करकंबच्या वेशीपर्यंत येऊन पोचतो.

कथा : तीन प्रश्न आणि एक पोपट

निखिल अडवाणी दिग्दर्शित हा हिंदी चित्रपट 19 ऑक्टोबर 2012 रोजी प्रदर्शित झाला. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात राहणारा युवी हा बिबट्याचा बछडा कथेचा नायक आहे. इमारती उभ्या करण्यासाठी जंगलात बुलडोझर घुसतात आणि त्या धुमाळीत युवीचे वडील सुलतान मारले जातात. उरलेले प्राणी सभा भरवितात. दिल्लीला जाऊन संसदेपुढे गाऱ्हाणे मांडायचे, असे ठरते.

अडचण एकच असते, ती भाषेची. माणसाला समजेल असे बोलू शकणारा ॲलेक्स हा पोपट माणसाच्या घरात सुखाने राहत असतो आणि त्याला जंगलाशी काही देणेघेणे नसते. त्याला पळवून आणले जाते. तापट माकड बजरंगी, शांततेचा उपासक बग्गा अस्वल, युवीची आई बेगम आणि स्वतः युवी यांच्यासह हा नाखूश दुभाषी दिल्लीच्या वाटेला लागतो. माणूस सर्वांत धोकादायक प्राणी का झाला, जंगले का नष्ट केली जात आहेत आणि जंगल व प्राणी उरले नाहीत तर माणूसही उरणार नाही, हे त्याला कळत कसे नाही, असे तीन साधे प्रश्न या मंडळींना विचारायचे असतात.

हिंसेने उत्तर द्यावे अशा मताचे माकड आणि संवादावर विश्वास ठेवणारे अस्वल यांचा वाद प्रवासभर चालतो. मुलांना त्यात विनोद दिसतो. मोठ्यांना त्यात आंदोलनांच्या मांडवातील जुनी चर्चा ओळखू येते.

पुण्यात घडलेला चित्रपट

या चित्रपटाची निर्मिती पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्स या संस्थेने केली. अनुपमा पाटील आणि किशोर पाटील हे त्याचे निर्माते. शंकर-एहसान-लॉय यांनी संगीत दिले. अक्षय खन्ना (ॲलेक्स), गोविंदा (बजरंगी), बोमन इराणी (बग्गा), ऊर्मिला मातोंडकर (बेगम), सुनील शेट्टी (सुलतान) आणि स्विनी खरा (युवी) यांनी पात्रांना आवाज दिले. इंग्रजी आवृत्तीसाठी परदेशी कलावंतांचे आवाज घेण्यात आले. साठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, म्हणजे 2012 या वर्षासाठी, त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा मान मिळाला.

भारतातील पहिल्या स्टिरिओस्कोपिक त्रिमिती ॲनिमेशनपटांत त्याची गणना होते. या तंत्रात डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी किंचित वेगळी अशी दोन चित्रे तयार करावी लागतात. चष्म्यातून प्रत्येक डोळ्याला त्याचेच चित्र दिसते आणि मेंदू त्यातून खोलीचा आभास निर्माण करतो. सेकंदाला 24 चौकटी धरल्या, तर दीड तासाच्या चित्रपटासाठी सुमारे 1 लाख 30 हजार चौकटी लागतात. दोन्ही डोळ्यांसाठी हे काम दुप्पट होते. पानांची सळसळ, अंगावरील केस आणि पडणारा पाऊस संगणकावर रेखणे हा त्यातील सर्वांत किचकट भाग. जंगलावरील ॲनिमेशनपट खर्चिक ठरतो तो त्यामुळेच.

प्राणिकथेतून बोध देण्याची परंपरा आपल्याकडे पंचतंत्राइतकी जुनी आहे आणि भारतीय ॲनिमेशननेही तीच वाट धरली. फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागाने 1957 मध्ये तयार केलेला 'द बन्यान डीअर' हा लघुपट जातककथेवर आधारलेला होता. कळपातील एका हरिणीसाठी स्वतःचा प्राण देऊ करणारा मृगराजा राजाचे मन पालटवितो, अशी ती कथा. राजाच्या दारी जाऊन अभय मागणारा मृगराजा आणि संसदेच्या दारी जाणारा युवी यांच्यामध्ये 55 वर्षांचे अंतर आहे. गाऱ्हाणे मात्र तेच आहे.

पडद्यावरचे जंगल आणि प्रत्यक्षातले

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शास्त्रीय अर्थाने वर्षावन नव्हे. तेथे मुख्यतः आर्द्र पानझडी वन आहे आणि ओढ्या-दऱ्यांच्या आश्रयाने काही भागात निमसदाहरित झाडोरा आढळतो. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या उद्यानाला तिन्ही बाजूंनी महानगराने वेढले आहे. मुंबईला पाणी पुरविणारे तुळशी आणि विहार हे तलाव याच डोंगररानात आहेत. जंगल गेले तर माणूसही उरणार नाही, हे युवीचे म्हणणे मुंबईकराच्या नळापर्यंत असे खरे ठरते.

बिबट्या आणि माणूस यांचा संघर्षही कल्पित नाही. 2004 च्या जूनमध्ये उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे बळी गेले होते. त्यानंतर पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडण्याच्या पद्धतीचा फेरविचार झाला. कचरा आणि त्यावर जगणारी भटकी कुत्री यांचा बंदोबस्त, रात्रीच्या वेळी घ्यायची काळजी, वस्त्यांमध्ये प्रबोधन या मार्गांवर भर देण्यात आला. चित्रपटात बुलडोझर हा उघड शत्रू आहे. प्रत्यक्षात वस्तीच्या कडेला साचणारा कचरासुद्धा बिबट्याला माणसाच्या दारात आणतो.

चित्रपट प्रदर्शित झाल्यावर सात वर्षांनी त्याचे कथानक जणू मुंबईतच पुन्हा घडले. उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी 2019 च्या ऑक्टोबरमध्ये 2,141 झाडे तोडण्यात आली. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच रात्रीच तोड सुरू झाली आणि 7 ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविण्यास सांगितले. 2020 मध्ये आरेतील 812 एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला आणि कारशेड कांजूरमार्गला हलविण्याचे ठरले. 2022 मध्ये ते पुन्हा आरेतच करण्याचे ठरले. या मेट्रोचा पहिला टप्पा 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. शहराची गरजही खरी आणि झाडांचीही. असा पेच चित्रपटातील कुणा पात्राच्या वाट्याला आलेला नाही.

जगाच्या पडद्यावर अरण्य

अरण्यरक्षणाच्या बालपटांची जागतिक परंपरा सांगताना 'फर्नगली' (1992) या चित्रपटाचे नाव प्रथम घेतले जाते. ऑस्ट्रेलियातील वर्षावनात घडणारी ही परीकथा 22 एप्रिल 1992 रोजी, वसुंधरा दिनी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या सभागृहात दाखविण्यात आली होती. मुलांचा चित्रपट थेट जगाच्या संसदेत पोचल्याचे हे उदाहरण.

जपानचे इसाओ ताकाहाता यांचा 'पोम पोको' (1994) 'दिल्ली सफारी'ला अधिक जवळचा. टोकियोलगतच्या तामा टेकड्यांवर वसाहत उभी राहते, तेव्हा तेथील तानुकी हे प्राणी आपले रान वाचविण्यासाठी धडपडतात. त्यांची झुंज पूर्णतः यशस्वी होत नाही. बालपटाचा शेवट गोडच हवा, हा संकेत ताकाहातांनी मानला नाही.

'रिओ 2' (2014) या चित्रपटाचे उदाहरण सोलापूरकरांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे. त्यातील निळे मकाव पोपट ॲमेझॉनच्या वर्षावनात आपले थवे शोधतात आणि बेकायदा लाकूडतोड्यांशी लढतात. प्रत्यक्षात स्पिक्स मकाव ही जात ॲमेझॉनची नाहीच. ईशान्य ब्राझीलमधील काटिंगा नावाचा कमी पावसाचा, काटेरी झुडपांचा प्रदेश हे तिचे घर. निसर्गातून ती नाहीशी झाल्याचे 2019 मध्ये जाहीर झाले आणि 2022 मध्ये बंदिवासात वाढविलेले काही पक्षी काटिंगात पुन्हा सोडण्यात आले. पडद्यावर मात्र या पक्ष्याला हिरव्यागार अरण्यात नेऊन बसविले गेले. उजाड दिसणाऱ्या प्रदेशाला नायकपद मिळणे चित्रपटातही कठीण असते.

भीमेचे पाणी, सोलापूरचा माळ

सोलापूर जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. वर्षावन येथे कधीच नव्हते. तरीही येथील शेती वर्षावनाची देणेकरी आहे. भीमा नदी भीमाशंकरच्या सदाहरित अरण्यात उगम पावते. 1985 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळालेले हे सुमारे 131 चौरस किलोमीटरचे रान महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या शेकरूसाठी प्रसिद्ध आहे. इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, घोड या नद्याही सह्याद्रीतूनच निघून भीमेला मिळतात. झाडोरा आणि पालापाचोळा पावसाचा मारा झेलतो, माती धरून ठेवतो आणि पाणी जिरवून ते सावकाश सोडतो. डोंगर उघडे पडले, तर तेच पाणी गाळ घेऊन एकदम येते आणि तितक्याच लवकर ओसरते. 117 टीएमसी साठवणक्षमतेच्या उजनी जलाशयाचे आयुष्य अशा रीतीने पश्चिमेकडील डोंगरउतारांशी बांधलेले आहे. युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली तीही 2012 मध्येच, 'दिल्ली सफारी'च्या प्रदर्शनाआधी काही महिने.

नात्याची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. सोलापूरचे स्वतःचे 'जंगल' म्हणजे गवताळ माळरान. काळवीट, लांडगा, खोकड आणि माळढोक ही त्याची प्रजा. नान्नजचे माळढोक पक्षी अभयारण्य 1979 मध्ये घोषित झाले. सोलापूर व तत्कालीन अहमदनगर या जिल्ह्यांत पसरलेले त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. गावे, शेते आणि रस्ते त्यात आल्याने पुढे ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. माळढोकाची देशातील संख्या आज दीडशेच्या आसपास मानली जाते आणि त्यातील बहुतेक पक्षी राजस्थानात आहेत. नान्नजला त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे.

येथे बुलडोझर आला नाही. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, माळ नांगरले गेले. विजेच्या तारा आल्या. 'पडीक' अशी नोंद असलेल्या जमिनीवर सद्‌हेतूने झाडेही लावली गेली. दूरवर नजर टाकून शत्रू हेरणाऱ्या आणि उघड्या जमिनीवर अंडे घालणाऱ्या माळढोकाला दाट झाडी मानवत नाही. म्हणजे ज्या पाण्याने करकंबसारख्या गावांचा संसार उभा केला, त्याच पाण्याने माळाचा एक रहिवासी मागे रेटला. येथे खलनायक कुणी नाही. 'झाडे लावा' हा संदेश योग्यच. पण कोणत्या भूमीवर कोणती वनस्पती असावी, हेही मुलांना त्यासोबत सांगितले गेले पाहिजे.

दिल्लीपर्यंत जावेच लागते काय?

'दिल्ली सफारी'वर घेता येणारा मुख्य आक्षेप हाच, की गाऱ्हाणे संसदेपर्यंत पोचले की जंगल वाचते, असा समज मुलांच्या मनात राहू शकतो. 1980 चा वनसंवर्धन कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा दिल्लीतच झाला, हे खरे. पण कायदा जिवंत राहतो तो गावात. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असे म्हणणाऱ्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविला. हे जंगल राखण्याचा आणि त्यावर जगण्याचा निर्णय तेथे ग्रामसभा घेते. मुंबईच्या उद्यानातही आदिवासी पाडे आहेत. चित्रपटाच्या कथेच्या केंद्रस्थानी मात्र ही माणसे नाहीत. तेथे एका बाजूला प्राणी आणि दुसऱ्या बाजूला माणूस, अशी सरळ विभागणी आहे.

हे उणेपण मान्य करूनही चित्रपटाचे मोल कमी होत नाही. परदेशी अरण्ये आणि परदेशी प्राणी पाहत वाढणाऱ्या मुलांना त्याने आपल्या राज्यातील बिबट्या दाखविला. शाळेत तो दाखविला, तर त्यानंतरचा अर्धा तास अधिक महत्त्वाचा ठरेल. युवीला मुंबईहून दिल्लीला जावे लागले. नान्नजचा माळढोक किंवा करमाळ्याच्या माळावरील लांडगा गाऱ्हाणे घेऊन निघाला, तर तो कुणाच्या दारी येईल, असा प्रश्न शिक्षकांनी विचारून पाहावा. त्याचे उत्तर दिल्लीपेक्षा बरेच जवळ आहे.

थोडक्यात

चित्रपट : दिल्ली सफारी (हिंदी, त्रिमिती ॲनिमेशन)
प्रदर्शन : 19 ऑक्टोबर 2012
दिग्दर्शक : निखिल अडवाणी
निर्मिती : क्रेयॉन पिक्चर्स, पुणे
संगीत : शंकर-एहसान-लॉय
सन्मान : सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपट, साठावे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार