एसडब्ल्यूआर मीटर खरं बोलतोय का? घरच्या घरी असं तपासा

मोबाईलवर रेंजच्या दांड्या दिसल्या की आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो. हॅम रेडिओवाले तसाच विश्वास एसडब्ल्यूआर मीटरवर ठेवतात. करकंबला गच्चीवर ७ मेगाहर्ट्झची वायर अँटेना बांधली, तेव्हा माझा मीटर १:१ दाखवत होता. म्हणजे सगळं ओके! पण तासभर हाका मारूनही उत्तर नाही. शेवटी कळलं, अँटेनाच्या जोडावर केबलची मधली तार तुटलेली होती आणि मीटरमधला परतीची पॉवर मोजणारा डायोड मेलेला होता. मग तो १:१ सोडून दुसरं काय दाखवणार?

मीटर काय मोजतो?

रेडिओकडून अँटेनाकडे जाणारी पॉवर आणि तिथून परत येणारी पॉवर. या दोन्हींवरून एसडब्ल्यूआर निघतो. १:१ म्हणजे परत काहीच नाही, २:१ म्हणजे सुमारे ११ टक्के परत, ३:१ म्हणजे २५ टक्के परत. परतीची पॉवर जास्त असेल तर रेडिओचा आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतो.

सामान

- १ किलोओहमचे, १ वॅटचे २० मेटल फिल्म रेझिस्टर. सगळे पॅरललमध्ये जोडले की ५० ओहम, २० वॅटचा डमी लोड तयार. वायरवाउंड रेझिस्टर चालत नाहीत, ते कॉइलसारखे वागतात.
- १एन५७११ डायोड, १० नॅनोफॅरडचा १०० व्होल्टचा कपॅसिटर, डिजिटल मल्टिमीटर.

पायरी १: पॉवर

रेडिओ, मीटर आणि डमी लोड छोट्या केबलने ओळीत जोडा. लोडच्या मधल्या पिनेकडून डायोड घ्या, त्याची पट्टी कपॅसिटरकडे ठेवा. कपॅसिटरचं दुसरं टोक ग्राउंडला जोडा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून कपॅसिटरवर लावा. रेडिओ सीडब्ल्यू किंवा एफएम मोडवर ठेवा, एसएसबीवर आकडा स्थिर राहत नाही. मग काही सेकंदच ट्रान्समिट करा.

डायोडमध्ये पडणारे साधारण ०.३ व्होल्ट मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा. २२.१ व्होल्ट दिसले तर २२.४ × २२.४ ÷ १०० = साधारण ५ वॅट.

आता मीटर उघडा. आतला प्रीसेट बारीक स्क्रू ड्रायव्हरने फिरवून हाच आकडा आणा. प्रीसेट नसेल तर खरा आणि दिसणारा आकडा कागदावर लिहून मीटरला चिकटवा.

पायरी २: एसडब्ल्यूआर

५० ओहमवर १:१ यायलाच हवा. पण इथे थांबू नका, माझा बिघडलेला मीटरही ही परीक्षा पास झाला असता! १० रेझिस्टर काढा. लोड आता १०० ओहमचा झाला, म्हणजे मीटरने २:१ दाखवायला हवं. लोडची क्षमता निम्मी झालीय, म्हणून ५ वॅटच्या वर जाऊ नका. काटा हललाच नाही तर आतला डायोड तपासा.

किती अचूक?

व्होल्टेजचा वर्ग होतो, म्हणून व्होल्टेजमध्ये ५ टक्के चूक झाली तर पॉवरमध्ये साधारण १० टक्के. पण समोरच्याच्या रेडिओवर एक एस-युनिट वाढायला चौपट पॉवर लागते, त्यामुळे अर्ध्या वॅटसाठी जीव काढू नका. ही पद्धत ७ मेगाहर्ट्झला छान चालते. १४४ मेगाहर्ट्झला मात्र तारेची थोडी लांबीही आकडा बिघडवते.

लायसन्स

डमी लोडवर तपासायचं असलं तरी ट्रान्समीटर वापरायला लायसन्स लागतं. केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेऊन ते देते. वयाची अट फक्त १२ वर्षं.

३० सप्टेंबर १९९३ ला लातूर जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा निरोप पोचवायला हॅम मंडळी धावली होती. अशा दिवशी मीटर दुरुस्त करायला वेळ नसतो. म्हणून या रविवारीच तपासून घ्या.