राखेवरचा कासोद

पिरंगुटहून एका श्रोत्याचा मेसेज आला होता : "आमच्याकडे कारखान्यांच्या कडेनं झाडं लावतात. खराब झालेली जमीन झाडांनी खरंच साफ होते का हो?"

प्रश्न मुळशीतला आहे, पण उत्तर शोधायला नागपूरकडे जावं लागतं, कारण महाराष्ट्रात हा प्रयोग नीट मोजमाप घेऊन झाला तो तिथे. निघायच्या आधी मुळशीत जरा थांबू.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. "जान किंवा जमीन" म्हणत मावळातले शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. टाटांना मुळशीचं पाणी अडवून घाटाखाली भिऱ्याला वीज करायची होती, मुंबईसाठी. सेनापती बापट याच लढ्यातून 'सेनापती' झाले. १९२४ पर्यंत लढा चालला, तरी धरण झालंच, आणि भातखाचरं बुडाली. विजेपायी जमीन जाते म्हणजे काय, हे मुळशीकरांना वेगळं सांगायला नको.

नागपूरजवळ खापरखेड्यात तेच झालं, फक्त पाण्याऐवजी राख. आपल्या कोळशात साधारण ३० ते ४० टक्के राख असते. म्हणजे टनभर कोळसा जाळला की तीन-चारशे किलो राख उरतेच. ती पाण्यात कालवून तळ्यात सोडतात. सुकली की उन्हाळ्यात वाऱ्यावर उडते, घरात येते, पिकावर बसते. तिच्यात लोह, मँगनीज, जस्त, निकेल, क्रोमियम, शिसं, थोडंसं कॅडमियमसुद्धा असतं. नत्र मात्र नावापुरतं. जमिनीत जे जिवाणू रोपाला हात देतात, तेही नाहीत. अशा ढिगावर नुसतं रोप खोचलं तर ते तग धरेल कसं?

नागपूरच्या 'नीरी'तल्या जुवारकर आणि जांभुळकर या संशोधकांनी खापरखेड्याच्या राखेच्या ढिगावर १० हेक्टरांत हे करून पाहिलं. मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट झाडं नव्हेत, शेणखत आहे. हेक्टरी ५० टन! ट्रॅक्टरच्या पंधरा-वीस ट्रॉल्या तरी होतील. जोडीला नत्र धरून ठेवणारे जिवाणू आणि मुळांशी जोडी जमवणारी बुरशी. म्हणजे झाड लावायच्या आधी माती बनवली. वृक्षारोपणाच्या फोटोत ही पायरी कधी दिसते का?

मग कुठलं झाड किती धातू ओढतं ते तपासलं. २००९ साली छापून आलेल्या निष्कर्षात कासोद सगळ्यांत पुढे. हो, तोच रस्त्याकडेचा, पिवळ्या फुलांच्या झुपक्यांचा. झाडं धातू खातात हे जगाला तसं आधीच माहीत होतं. १९७६ मध्ये न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या एका झाडाबद्दल शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं : त्याचा चीक निळा-हिरवा, आणि सुकवला तर जवळपास पाव भाग निकेल!

आता इथे एक गोची आहे. तेल किंवा काही रसायनं मुळांभोवतीचे जिवाणू फोडू शकतात. धातू कुणीच फोडू शकत नाही. तो राखेतून पानात गेला, एवढंच. पान गळलं की परत खाली. फांदी तोडून कुणी चुलीत घातली तर पुन्हा राख. शेळीनं पाला खाल्ला तर पुढचं तुम्हीच ओळखा. म्हणून माझ्या मते खापरखेड्याची खरी कमाई धातू काढण्यात नाही, राख जागेवर बांधून ठेवण्यात आहे. धुरळा कमी होतो, पावसाचं पाणी राख वाहून नेत नाही. ही कमाई लहान नाही. पण ती जमीन ज्वारी-कापसाला परत मिळाली असं कुणी म्हणत असेल, तर विश्वास ठेवू नका.

तर पिरंगुटच्या मित्रा, कडेची झाडं बघितलीस की आधी विचार : मातीत नेमकं काय आहे, ते कुणी तपासलं का? आणि पाचोळा कुठे जातो?

जाता जाता एक. जुलै २०२२ मध्ये, खापरखेड्याच्या शेजारी, कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा पावसात फुटला. राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत शिरलं. भरून बंद झालेल्या ढिगावर झाड लावता येतं. चालू तळ्यात रोज नवी राख पडते, तिथे कासोद लावायला जागाच नसते.